घराच्या इंटरनेटची गेट-वही



तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बंधूंना गेटवरची वही ठाऊक आहे. कोण आला, किती वाजता आला, कोणाला परत पाठवले, सारे तीत लिहिलेले असते. माहीम, पालघर, बोईसरच्या घरांतील वायफायच्या राऊटरमध्येही असाच पहारेकरी असतो. त्याचे नाव फायरवॉल आणि त्याची वही म्हणजे लॉग. पण ही वही आपण उघडतच नाही!

२०१६ साली ‘मिराई’ने जगभरचे लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. कसे? कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता.

म्हणून प्रथम पासवर्ड बदला. मग राऊटरच्या पाठीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉग सुरू करा. घड्याळ भारतीय वेळेवर लावा. वेळ चुकली तर नोंद व्यर्थ. वीज गेली की बऱ्याच राऊटरांची वही कोरी होते. ‘सिसलॉग’ची सोय असल्यास नोंदी जुन्या कॉम्प्युटरवर पाठवा, नसल्यास आठवड्यातून दोनदा तरी वाचा.

बाहेरून येणारे आणि अडवलेले ठोके रोजचेच, घाबरू नका. परंतु घरात कुणी नसताना झालेले लॉगिन, अनोळखी यंत्र किंवा रात्रभर बाहेर माहिती धाडणारा कॅमेरा दिसला, तर ते यंत्र बंद करा, पासवर्ड पुन्हा बदला. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

आईची बचत, बहिणीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आज याच तारेवरून जातो. शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घ्यावे. तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्रमाद सांगितला. सावध राहणे हाही धम्मच!