नायलॉनही सादळतं!

इंजेक्शन मोल्डिंगचे दोष आपण सगळेच पाठ करतो. रुपेरी रेषा म्हणजे ओलावा, शॉर्ट शॉट म्हणजे कमी प्रेशर, फ्लॅश म्हणजे जास्त प्रेशर. व्हायवात धडाधड सांगितलं की जर्नलवर सही! माझं म्हणणं एवढंच, की हा तक्ता डोळे मिटून नायलॉनला लावायला गेलात, तर तोंडावर आपटाल.

नायलॉन म्हणजे पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड. हवेतला ओलावा पितं आणि सादळतं. सादळलेला पापड भाजला की पुन्हा कुरकुरीत होतो, नायलॉनचं मात्र तसं नाही. नायलॉन ६६ साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्या तापमानाला आतलं पाणी नुसतं वाफ होऊन रेषा उमटवत नाही, तर पॉलिमरच्या साखळ्याच तोडतं. मग रस पातळ होतो, नोझलमधून गळतो, साच्याच्या फटीत शिरून फ्लॅश देतो. तक्ता म्हणतो, प्रेशर कमी करा. केलं. फ्लॅश गेला, नग देखणा निघाला. पण आतून तो खचलेलाच! उद्या तो कुणाच्या तरी गाडीत क्लिप म्हणून बसणार आणि ऐनवेळी कडकन मोडणार. तुटलेल्या साखळ्या नंतर वाळवून जुळत नाहीत, नग दळून पुन्हा वापरला तरीही नाहीत.

ट्रेनिंगला असताना मी पाहिलं, नग मोडले की पहिलं बोट ऑपरेटरकडे. ड्रायरकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. खरं तर दाण्यांतला ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली हवा. साधा ड्रायर बाहेरचीच हवा तापवून आत सोडतो. जुलैतल्या दमट हवेत त्याचा कितीसा उपयोग? हवा आधी कोरडी करणारा ड्रायर लागतो, तापमान ८० अंशांच्या आसपास. घाईने जास्त तापवलं तर दाणे पिवळे पडतात, आणि वाळवलेले दाणे उघडे ठेवले तर सगळी मेहनत अक्षरशः पाण्यात!

गंमत अशी, की साच्यातून निघालेला ताजा नग कोरडा असल्यामुळे जरा ठिसूळच असतो. मग तोच ओलावा पिऊन चिवट होतो. वितळण्याआधी पाणी वैरी, नंतर मित्र! म्हणून नग मोडला की लगेच निकाल देऊ नका. त्याला पुरेसा ओलावा पिऊ द्या. तरीही मोडला, तर साखळ्या तुटल्याचा संशय घ्या.

माझ्या मते आपल्या वर्कशॉपच्या रजिस्टरमध्ये दोनच रकाने वाढवावेत: दाण्यांचा ओलावा किती आणि दाणे किती तास वाळवले. शिवाय एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, मशीन स्थिरावू द्यायचं, मग नग तपासायचा. चार नॉब एकदम फिरवले की दोष कदाचित जातो, पण कारण कायमचं हरवतं. सरांनी व्हायवात "दोष कोणता?" एवढ्यावर न थांबता "कशावरून?" असंही विचारावं. आमची थोडी तंतरेल, पण चालेल!