बी.कॉम.च्या वाटेवर वाटाड्या हवा

भोर-वेल्ह्याच्या मुलाने पूर्वी बी.कॉम.ला नाव घातले की तीन वर्षे निवडीचे फारसे प्रश्न नसत. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले आणि मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्य अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी मोठी यादी पुढ्यात आली. तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षाअखेर ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र घेऊन थांबता येते, पण त्यासाठी चार जादा श्रेयांक मिळवावे लागतात.

हे सांगणार कोण?

घरात पदवीपर्यंत पोचलेले कोणी नसेल, तर भिस्त प्राध्यापकांवरच. भोरचे अनंतराव थोपटे महाविद्यालय असो वा वेल्ह्यातील विंझरचे अमृतेश्वर महाविद्यालय, तिथला सल्ला प्रवेशाच्या खिडकीवर दोन मिनिटांत उरकण्याजोगा नाही. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण असतील तर सीएची फाउंडेशन परीक्षा टाळून थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. ही माहिती तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.

प्रत्यक्ष कामाच्या जागाही जवळच आहेत: नीरा नदीपलीकडे शिरवळचे कारखाने, गावोगावच्या पतसंस्था, राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा पर्यटन व्यवसाय. या साऱ्याची सांगड घालायला प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक प्राध्यापक-सल्लागार नेमावा, दर सत्राआधी दोघांची बैठक व्हावी आणि हे काम प्राध्यापकांच्या कार्यभारात मोजले जावे. विद्यापीठाने तसे परिपत्रक पुढच्या प्रवेशांपूर्वी काढावे.