फिर्याद दिली, पुढे काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पोलीस ठाण्याची पायरी तर त्याहूनही अवघड वाटते. तथापि कोणी जिवाची धमकी देतो, कोणी घरच्या मुलीचा रोज पाठलाग करतो, आणि धीर करून ती पायरी चढावीच लागते. घरी परतल्यावर मात्र सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : आता पुढे काय?

याचे उत्तर, आपली तक्रार कोणत्या सदरात नोंदली गेली, यावर अवलंबून आहे. ठाण्यातून निघण्यापूर्वीच ते विचारून घ्यावे. स्त्रीचा पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे. त्याचा तपास पोलिसांना स्वतः होऊन करता येतो. अशा वेळी प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदला जातो व त्याची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. साधी धमकी मात्र सामान्यतः अदखलपात्र ठरते. तिची नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या हुकमावाचून तपास होत नाही. पुष्कळ कुटुंबे ही नोंद जपून ठेवून तपासाची वाट पाहत बसतात, आणि तपास तर सुरूच झालेला नसतो! अशा प्रसंगी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणे हीच पुढची पायरी होय.

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्थळाचा पंचनामा करतात, जबाब घेतात. साक्षीदार म्हणून स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले व साठीपुढील वृद्ध यांना जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही; पोलिसांनी त्यांच्या घरी जावयाचे असते. फिर्यादीवर सही करावी लागते, तपासातील जबाबावर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीस कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

फिर्याद दिली म्हणजे आरोपी लगेच तुरुंगात गेला, असे मात्र समजू नये. गुन्हा जामीनपात्र असल्यास तो लवकरच बाहेर येतो. म्हणून घरच्यांनी सावधगिरी सोडू नये. पुन्हा त्रास झाल्यास तारीख, वेळ व साक्षीदार टिपून ठेवून ताबडतोब तपास अधिकाऱ्यास लेखी कळवावे. प्रसंग तातडीचा असल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा. शांतताभंगाची भीती असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी त्या व्यक्तीकडून एक वर्षापर्यंतचे हमीपत्र लिहून घेऊ शकतात.

आणि फिर्याद घेण्यासच नकार मिळाला तर? दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांस बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते. गुन्हा दुसऱ्या गावी वा दुसऱ्या राज्यात घडला, ही सबब चालत नाही. नकार कायम राहिल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

एफआयआरची प्रत, अर्जांच्या नकला व टपालाच्या पावत्या एका पाकिटात एकत्र ठेवाव्यात, आणि ते पाकीट कोठे आहे हे घरातील आणखी एका माणसास सांगून ठेवावे.