खाम नदीचे धनी किती?

छावणीच्या गुरुवारच्या बाजारास गुरे घेऊन येणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस खाम नदी नवी नाही. ती जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, हर्सूलच्या तलावातून शहरात उतरते, छावणीच्या कडेने वाहते व पुढे खेड्यांच्या शिवारातून गोदावरीकडे जाते. नदी एकच, पण धनी तीन: शहरात महानगरपालिका, छावणीत संरक्षण खात्याच्या हुकुमाखालील छावणी मंडळ आणि खाली ग्रामपंचायती. वरच्या वस्तीचे सांडपाणी मात्र खालच्या गावास भोगावे लागते.

यावर शहाणे म्हणतात, हा बारभाईचा कारभार मोडा व सर्व सत्ता एका अधिकाऱ्याच्या हाती द्या. आम्ही विचारतो, हा प्रयोग झाला नाही काय? 2020 साली महानगरपालिकेची मुदत संपली, 2022 साली जिल्हा परिषदेची. दोन्हीकडे निवडणुकीविना वर्षानुवर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. देशातील 57 छावणी मंडळांची 30 एप्रिल 2023 रोजी ठरलेली निवडणूक मार्चातच रद्द झाली. सत्ता एकवटली, पण जाब कोणास विचारावा हे रयतेस कळेना. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयास राज्यातील स्थानिक निवडणुका घ्या असे बजावावे लागले.

1993 साली अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सभासद जिल्हा परिषद व नगरसंस्थांच्या निवडून आलेल्या सभासदांतून यावे लागतात. निवडून आलेला सभासदच नसेल, तर खेड्याची बाजू तेथे मांडणार कोण?

सत्ता वर नेणे हा उपाय नव्हे. शेजाऱ्यांनी एका पंगतीस बसणे हा उपाय होय. 2020 नंतर महानगरपालिका व छावणी मंडळ यांनी खामेच्या सफाईत एकमेकांस हात दिला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण नदी छावणीच्या हद्दीत संपत नाही. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतींस इतर स्थानिक संस्थांशी मिळून संयुक्त समिती नेमण्याची मुभा दिली आहे. ती वापरावी.

म्हणून बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: खामेकाठच्या ग्रामपंचायती, महानगरपालिका व छावणी मंडळ यांची एक समिती असावी, तीत खेड्यांस शहराइतकाच मान असावा, व पाण्याच्या तपासणीचा निकाल दर महिन्यास गावच्या चावडीवर लावावा. बायांनी सभेस अवश्य यावे. पाणी त्याच भरतात. ठराव वहीत लिहून घ्या व त्याची नक्कल मागा. जे कागदावर नाही, ते सरकारदरबारी घडलेच नाही.