धानाचा ओलावा, घराचा ओलावा

गोंदियातील धानाचा व्यापारी पोत्याचे तोंड उघडताच मूठभर दाणे हातात घेतो, एखादा नखाने फोडून पाहतो आणि मग ओलावामापकाच्या आकड्याकडे लक्ष लावतो. सरकारी आधारभूत खरेदीत १७ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचे धान बसत नाही, आणि गोदामात महिनोन्‌महिने टिकवायचे असेल तर तो ओलावा १४ टक्क्यांच्या आत आणावा लागतो, हे तिथल्या गिरणीमालकास कोणी सांगावे लागत नाही. एकेका टक्क्यावरून भावाची घासाघीस करणाऱ्या याच कुटुंबांत कोठीतल्या, शयनगृहातल्या आणि चोपड्यांच्या कपाटातल्या हवेचा ओलावा मोजण्याचे साधन मात्र क्वचितच आढळते. श्रावणात कपाट उघडल्यावर कुबट वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव दिसते, शालूची जर काळवंडलेली असते. तेव्हा ‘पावसाळाच आहे’ एवढे म्हणून तो विषय संपविला जातो.

गोंदिया हा तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा जिल्हा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात सकाळची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या वरच असते. त्याआधीचा मे महिना नेमका उलट असतो. दुपारची हवा इतकी कोरडी होते की वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अर्ध्या तासात खोली थंड करतो. या कूलरचे कार्य पाण्याच्या बाष्पीभवनावर चालते. कोरड्या हवेत तो वरदान ठरतो. पण पहिल्या पावसानंतरही सवयीने तोच कूलर रात्रभर चालू ठेवणारी घरे विदर्भात पुष्कळ आहेत. तेव्हा तो खोली फारशी थंड करीत नाही, केवळ ओली करतो. जुलैत गादीला येणारा दमटपणा पुष्कळदा आभाळातून आलेला नसतो, तो खिडकीतल्या त्या पत्र्याच्या पेटीतून आलेला असतो.

जैन कुटुंबासाठी या ओलाव्याला आणखी एक बाजू आहे. भिंतीवर, लोणच्यावर वा पुस्तकाच्या कण्यावर उगवणारी बुरशी हा आपल्याकडे केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नाही. इरियावही सूत्रात ज्या सूक्ष्म जीवांच्या विराधनेचा उल्लेख येतो त्यांत ‘पणग’ आहे. लीलण-फुलण अनंतकाय मानली गेली आहे. ती एकदा उगवली की पुसण्यात हिंसा आणि न पुसण्यात वाढ, असा पेच उभा राहतो. म्हणूनच परंपरेचा सारा भर ती उत्पन्नच होऊ न देण्यावर आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस सांगितली जाते. आर्द्रतामापक नसलेल्या काळात ऋतूवरून ओलाव्याचा हिशेब मांडण्याची ही पद्धत होती. आरोग्याचे शास्त्रही निराळे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २००९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ओलसर, बुरशीयुक्त घरे आणि दमा, खोकला, श्वसनाचे विकार यांचा संबंध स्पष्टपणे नोंदविला आहे. घरात लहान मूल वा दम्याचे वृद्ध असतील तर हा विषय पुढच्या पावसाळ्यावर टाकण्यासारखा नाही.

सर्वसाधारणपणे सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशीला वाढता येत नाही. ७०-८० टक्क्यांच्या पुढे ती जोर धरते. मग खिडक्या उघडाव्यात, वारा खेळू द्यावा, असा सल्ला सहज दिला जातो. थंड देशांत तो योग्य आहे, कारण तिथली बाहेरची गार हवा मुळातच कमी बाष्प बाळगते. गोंदियाच्या श्रावणात त्याचा हिशेब जुळत नाही. पावसानंतरच्या रात्री बाहेर २५ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. दुसऱ्या दिवशी ऊन पडून तापमान ३३ अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर आली, तरी बाष्प २१ ग्रॅमच्या आसपासच राहते. हवा कोरडी भासते, प्रत्यक्षात तिच्यातले पाणी तेवढेच असते. ती हवा आतल्या २६ अंशांच्या गार भिंतीला भिडली की भिंतीलगतची आर्द्रता पुन्हा ८८ टक्क्यांच्या घरात जाते. उघडी खिडकी स्वयंपाकाची वाफ बाहेर काढते, हा तिचा मोठा उपयोग आहे. पण भर पावसाळ्यात ती घर वाळवू शकत नाही.

अशा वेळी आर्द्रता कमी करणारे यंत्र, म्हणजेच डीह्युमिडिफायर, उपयोगी पडते. त्याची रचना शीतकपाटासारखी असते. पंखा खोलीतील हवा थंड नळ्यांवरून नेतो, बाष्पाचे पाणी होऊन टाकीत साठते आणि कोरडी झालेली हवा परत खोलीत येते. अमेरिका आणि कॅनडात असे एकच मोठे यंत्र वायुनलिकांना जोडून साऱ्या घराची आर्द्रता सांभाळतात. तिथली घरे हवाबंद असतात. गोंदियातील अंगणाच्या, जाळीच्या खिडक्यांच्या, दिवसभर दार उघडे असणाऱ्या घरात हा प्रयोग कसा होईल, हे आकड्यांत पाहिलेले बरे. दहा फूट उंचीच्या १००० चौरस फुटांच्या घरात सुमारे २८० घनमीटर हवा असते. ३० अंशांना ७० टक्क्यांची आर्द्रता ५५ वर आणायची तर त्या साऱ्या हवेतून सव्वा लिटर पाणी काढले की पुरे. पण दारे-खिडक्या बंद असतानाही घरातली हवा तासातून एकदा बदलली, तर दिवसाला सुमारे ३० लिटर पाणी काढत राहावे लागते. खिडक्या उघड्या असतील आणि हवा तासाला दहा वेळा बदलत असेल, तर हाच आकडा ३०० लिटरवर जातो! घरगुती यंत्राला हे पेलणारे नाही.

तेव्हा सारे घर सोडून एक खोली निवडावी, हाच व्यवहार्य मार्ग. १० बाय १२ फुटांच्या बंद कोठीतून, वरच्याच हिशेबाने, दिवसाला साडेतीन लिटर पाणी काढावे लागते. साधे यंत्र ते सहज करते. पहिल्या आठवड्यात टाकी अधिक भरते, कारण भिंती, कापड आणि कागद यांत मुरलेले पाणी खोलीतल्या हवेतल्या पाण्याहून कितीतरी जास्त असते. दाराच्या फटीला पट्टी लावावी आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत. गच्ची गळत असेल, जमिनीतून भिंतीत पाणी चढत असेल, तर आधी गवंडी बोलवावा. यंत्राचा विचार त्यानंतर.

खरेदी करताना ‘२० लिटर’ या आकड्यावर विसंबू नये. अनेक कंपन्या ही क्षमता ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत मोजतात. ६० टक्क्यांच्या हवेत तेच यंत्र त्याहून बरेच कमी पाणी काढते. दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. हे यंत्र खोली गरम करते. ३०० वॅटचे यंत्र आठ तास चालले तर सव्वादोन ते अडीच युनिट वीज जाते आणि ती सारी उष्णता खोलीतच राहते. शिवाय प्रत्येक लिटर बाष्पाचे पाणी होताना सुमारे पाऊण युनिट उष्णता बाहेर पडते. पाच लिटर पाणी साठले म्हणजे आठ तास ७०० वॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखे झाले. म्हणून हे यंत्र कोठीला, ग्रंथांच्या वा दप्तराच्या खोलीला शोभते. माणसांच्या झोपण्याच्या खोलीत वातानुकूलन यंत्राची ‘ड्राय’ योजना बरी, कारण ते उष्णता बाहेर टाकते. मात्र ते २६ अंशांच्या आसपास ठेवावे. १९-२० अंशांवर ठेवल्यास शेजारच्या खोलीच्या बाजूने भिंत थंड पडते आणि तिथे दव धरून बुरशी येते.

घरातच निर्माण होणारे बाष्प रोखणे तर बिनखर्चाचे आहे. चार माणसांचे धुतलेले कपडे आत वाळत घातले की दोन-तीन लिटर पाणी हवेत जाते. चातुर्मासात जैन घरांत रोज पिण्यासाठी पाणी उकळले जाते आणि पुष्कळदा ते परातीत पसरून गार केले जाते. त्याची वाफ कोठीत शिरू नये म्हणून मधले दार लोटून घ्यावे आणि चुलीवरचा पंखा चालू ठेवावा. सूर्यास्तापूर्वी भोजन होत असल्याने रात्री स्वयंपाकघराची वाफ नसते, हा आयताच लाभ. डांबराच्या गोळ्या ओलावा शोषत नाहीत, त्या केवळ कीटकांना मारतात. जैन घरात त्यांना जागा असूच नये. कडुनिंबाची पाने ठेवायची तर पूर्ण वाळलेली ठेवावीत.

आर्द्रतामापक लहान घड्याळाएवढा असतो आणि त्याची पारख मिठाने करता येते. झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढेच पाणी घालावे, मापकासह घट्ट डब्यात बारा तास ठेवावे. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवील तर त्यात पाच मिळवून वाचावे. धान १४ टक्क्यांच्या आसपास टिकते तेही याच ७५ टक्क्यांच्या हवेत. आजीच्या काळी मिठाच्या बरणीला पाणी सुटले की पापड-सांडग्यांचे डबे उन्हात जात, त्यामागे हाच आकडा होता. खडेमीठ त्याहीपूर्वी पाझरते.

या साऱ्यात सर्वांत नाजूक वस्तू कागद. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे किमान सहा पावसाळे. पूर्वजांनी शेकडो पावसाळे जपले. विदर्भातच कारंजा येथील जैन मंदिरांच्या भांडारांतील हस्तलिखिते, रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सूचीमुळे, अभ्यासकांसमोर आली. तोवर त्यांना सांभाळले ते कापडी वेष्टनांनी, लाकडी पेट्यांनी आणि श्रद्धेने उघडणाऱ्या-बांधणाऱ्या हातांनी. घट्ट बांधलेला ग्रंथ बाहेरच्या हवेतले चढउतार फार सावकाश घेतो.

पंचांगही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, पावसाच्या तोंडावर येते. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीस, पाऊस ओसरल्यावर. दोन्ही दिवशी ग्रंथ बाहेर काढून पुसले जातात, वेष्टने बदलली जातात. चोपड्या आणि दप्तरे यांनाही हेच दोन दिवस सोयीचे. श्रुतपंचमीस सारे कोरडे करून कोठी बंद करावी आणि मापक ६० च्या वर गेला की यंत्र सुरू करावे. टाकीतले पाणी रोज ओतावे, साचू देऊ नये. तिथेही जीवोत्पत्ती होते. ज्ञानपंचमीपर्यंत गोंदियाची हवा आपोआप कोरडी होऊ लागते. तेव्हा कोठीच्या खिडक्या उघडाव्यात, यंत्राची जाळी धुवावी, टाकी उन्हात वाळवावी आणि ते पुढच्या ज्येष्ठापर्यंत झाकून ठेवावे.