आरंभ कुठून करावा?

कर्णामुळे मी ह्या फंदात पडलो, हे आधीच कबूल केलेले बरे. दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या मोबाईलवर सोनेरी कवचातल्या, पांढऱ्या केसांच्या, कृश अशा एका योद्ध्याचे चित्र पाहिले. "हा कोण रे?" असे विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "कर्ण!" आपला कर्ण जपानी चित्रात! शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ची पारायणे केलेल्या माझ्यासारख्याला मग चैन कसे पडावे? 'फेट' नावाच्या जपानी कथामालिकेत तो २०१३ साली आला, आणि पुढे अर्जुनही आला, असे कळले. ही मालिका वाचायचीच, असे मी ठरवले. पण वाचायची कुठून? ह्याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वीकारले. ती चूक इतरांनी करू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्या मालिकेचे मूळ एका 'व्हिज्युअल नॉव्हेल'मध्ये आहे. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर वाचायची कादंबरी. मागे स्थळाचे चित्र, पुढे पात्राची आकृती, त्यावर उमटत जाणारा मजकूर आणि सोबतीला संगीत. एकेक कळ दाबत वाचक पुढे सरकतो. मध्येच 'आता काय करशील?' असा प्रश्न येतो, आणि उत्तराप्रमाणे कथेला फाटा फुटतो. 'टाइप-मून' ह्या संस्थेने २००४ च्या जानेवारीत 'फेट/स्टे नाईट' ही अशी कृती प्रसिद्ध केली. लेखन किनोको नासू यांचे, चित्रे ताकाशी ताकेउची यांची. वाचून संपवायला सहज ५०-६० तास लागतात. तिला वाचक एवढे लाभले की पुढच्या २० वर्षांत तिच्या पारंब्यांनाच पारंब्या फुटल्या. कादंबऱ्या, चित्रपट, दूरचित्रमालिका, खेळ असा पसारा वाढला. आज नवा वाचक त्या वडाखाली येतो, तेव्हा मूळ खोड कोणते हेच त्याला उमगत नाही.

गोंधळाला एक साधे कारणही आहे. मूळ कृतीचे अधिकृत इंग्रजी रूप थेट २०२४ साली आले. तोवर जपानी न जाणणाऱ्यांना हौशी वाचकांच्या भाषांतरावर भागवावे लागे. चलत्‌चित्रमालिका मात्र सहज मिळत. त्यातही 'फेट/झीरो' ही २०११-१२ मधली २५ भागांची मालिका फारच देखणी. ती गेन उरोबुची यांच्या २००६-०७ मधल्या कादंबरीवर आधारलेली असून, मूळ कथेच्या १० वर्षे आधीची हकीकत सांगते. "आधी घडलेलं आधी बघ, म्हणजे सगळं नीट कळेल," असे मित्राने सांगितले. मला ते पटले. बापाची गोष्ट आधी, पोराची नंतर, ह्यात न पटण्यासारखे काय होते?

काय होते, ते मला मूळ कृती वाचताना कळले. कथेची मांडणी अशी : मागेल ती इच्छा पुरवणाऱ्या एका पवित्र चषकासाठी सात मांत्रिक झुंजतात. प्रत्येक जण इतिहासातून वा पुराणातून एकेका वीराला आवाहन करून बोलावतो. हे वीर आपले खरे नाव लपवतात, कारण नाव कळले की मर्म कळते. म्हणजे नाव ओळखणे हाच ह्या कथेचा प्राण. शिरो एमिया ह्या साध्या मुलाच्या मदतीला रात्रीच्या अंधारात एक तलवारधारी तरुणी येते. ती कोण, हे कोडे लेखकाने किती जपून, किती हळू उलगडत नेले आहे! आणि 'झीरो'मध्ये तिचे नाव सुरुवातीलाच उघड होते. लेखकाने पाने-पाने राखलेले गुपित मला आधीच ठाऊक होते. वाचत होतो, पण कुतूहल मेलेले होते. पहिले वाचन एकदाच मिळते. ते परत मिळत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, महाभारताला तरी कुठे एकच आरंभ आहे? आक्षेप मोलाचा आहे. भारताचे पठण कोणी मनूपासून, कोणी आस्तिकाच्या आख्यानापासून, तर कोणी उपरिचर राजाच्या कथेपासून सुरू करतात, अशी नोंद खुद्द आदिपर्वातच आहे. आपला प्रश्न किती जुना आहे, पाहा! पण त्याच आदिपर्वात सौती नैमिषारण्यात येतो, ऋषी त्याला विचारतात, आणि तो जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांनी सांगितलेली कथा सांगू लागतो. म्हणजे युद्धानंतर तीन पिढ्या लोटल्यावरची ही गोष्ट! घटनांचा क्रम निराळा आणि कथनाचा क्रम निराळा, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. आधी प्रश्न जागा होतो, मग भूतकाळ उलगडतो. प्रश्न पडण्याआधीच उत्तर हाती आले, तर ते उत्तर राहत नाही. नुसती माहिती होते.

आणि असे करताना 'झीरो'वरही अन्यायच होतो. ती कादंबरी मूळ कथा जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली शोकांतिका आहे. शेवट ठाऊक असतो, म्हणूनच पात्रांची प्रत्येक आशा काळजाला लागते. महाभारत मुळीच न ऐकलेल्या माणसाच्या हाती 'मृत्युंजय' द्यावे, तसे हे झाले. तोही वाचील आणि त्यालाही आवडेल. पण कुंतीच्या मौनाने आपल्या पोटात जे कालवते, ते त्याच्या कालवेल काय?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. लेखकाने जिथून आरंभ केला, तिथूनच वाचकाने करावा. नासूंनी तर मूळ कृतीतच ही सोय करून ठेवली आहे. तिचे तीन मार्ग आहेत, आणि पहिला पुरा केल्याशिवाय दुसरा, दुसरा केल्याशिवाय तिसरा उघडत नाही. सर्वांना वाचवायचे, हा शिरोचा ध्यास. पहिल्या मार्गात तो ध्यास उजळ दिसतो, दुसऱ्यात त्याची उलटतपासणी होते आणि तिसऱ्यात त्याची किंमत मागितली जाते. हा क्रम उलटा केला, तर उलटतपासणी कशाची करणार? मूळ आवृत्ती प्रौढांसाठी होती, हे खरे. पण २००७ साली तसे प्रसंग वगळून दुसरी आवृत्ती निघाली, आणि आजचे इंग्रजी रूप तिच्यावरच बेतलेले आहे. तेव्हा तीही अडचण उरलेली नाही.

"वाचायला लागणं महत्त्वाचं, कुठून ते गौण," असेही काही मित्र म्हणतात. कुतूहलाचे दार कोणतेही असो, हे मलाही मान्य. मी स्वतः कर्णाच्या दाराने आलो. पण दारातून आत शिरल्यावर पंगतीत पहिल्या वाढपापासून बसावे, एवढेच माझे म्हणणे.

यंदा प्रथम वर्षाला आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने हीच मालिका वाचायला मागितली. मी तिला मूळ कृतीच लावून दिली आणि तोंडाला कुलूप घातले. तिसऱ्या रात्री ती धावत आली, "दादा, ही तलवारवाली कोण रे? सांग ना!" तिच्या डोळ्यांत जे होते, ते माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. ओठांवर आलेले नाव मी गिळले.

नव्या वाचकाने आरंभापासून आरंभ करावा, हे तर झालेच. पण आपल्यासारख्या जाणत्यांनी जरा गप्प बसावे, हे त्याहूनही महत्त्वाचे!