चिपवर शुल्क शून्य, पण चुकीच्या क्रमांकाची किंमत मोठी

मोबाईल दुरुस्तीचं दुकान, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा गाळा, सीसीटीव्ही बसवून देणारे दोघे भाऊ... आपल्या वस्त्यांमधल्या अनेक घरांची रोजीरोटी आज अशा धंद्यांवर चालते. या धंद्याचा जीव बाहेरून येणाऱ्या चिपमध्ये आहे. एखादा तरुण थेट आयात करायचं म्हणाला की त्याला हमखास सांगितलं जातं, ‘‘चिपवर कस्टम ड्युटी नाही, बिनधास्त मागव.’’ हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं माहीत नसेल तर जमवलेली पुंजी अडकते, म्हणून हा विषय आम्ही घेत आहोत.

आधी हे शून्य आलं कुठून ते पाहू. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत माहिती तंत्रज्ञान करार झाला. १९९७ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्यामुळे प्रोसेसर आणि मेमरी चिपवर मूळ सीमाशुल्क लागत नाही. मात्र १८ टक्के आयजीएसटी लागतोच. म्हणजे एक लाखाचा माल सोडवायला १८ हजार रुपये आधी हातात हवेत. जीएसटी नोंदणी असेल तर ही रक्कम पुढच्या करात वळती होते. नोंदणी नसेल तर तेवढा खर्च अंगावर पडतो.

खरा गुंता आहे तो मालाच्या क्रमांकाचा. जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेली मालाची यादी १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत सारखे असतात, आपल्याकडे आठ अंक लिहावे लागतात. सुटी चिप ८५४२ मध्ये मोडते. त्यात प्रोसेसर ८५४२३१, तर मेमरी ८५४२३२. पण तीच मेमरी चिप पट्टीवर बसून कॉम्प्युटरची रॅम झाली की ८४७३, एसएसडीत गेली की ८५२३, लॅपटॉपमधून आली की ८४७१ आणि मोबाईलमधून आली की ८५१७. चिप तीच, पण तिचं घर बदललं की नियमही बदलतो.

हा बदल नुसता कागदावरचा नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून ८५४२ मधल्या चिप आणण्याआधी परकीय व्यापार महासंचालनालयाकडे ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. आयात खुली, पण नोंदणी क्रमांकाशिवाय माल सुटत नाही. लॅपटॉपबाबत सरकारने ३ ऑगस्ट २०२३ रोजी निर्बंध जाहीर केले. ओरड झाल्यावर अंमलबजावणी लांबली आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून परवानगीची पद्धत आली. मोबाईलच्या तयार सर्किट बोर्डावर तर थेट शुल्क आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते २० वरून १५ टक्क्यांवर आलं. मोबाईल आणि त्याच्या भागांवरचं असं शुल्क भारताने जागतिक व्यापार संघटनेत दिलेल्या शुल्कमर्यादेच्या हमीशी जुळत नाही, असा निर्णय जागतिक व्यापार संघटनेच्या समितीने एप्रिल २०२३ मध्ये दिला. भारताने त्यावर अपील केलं. पण ते अपील ऐकणारी संस्थाच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. तोवर व्यापाऱ्याने शुल्क भरायचं.

क्रमांकाचा वाद किती महागात पडतो, हे सॅमसंगच्या प्रकरणात दिसलं. मोबाईल टॉवरवर बसणाऱ्या एका उपकरणाचं वर्गीकरण चुकीचं दाखवून शुल्क टाळलं, असा ठपका ठेवून सीमाशुल्क विभागाने जानेवारी २०२५ मध्ये कर आणि दंड मिळून सुमारे ६० कोटी डॉलर मागितले. हा सुटा भाग आहे की स्वतः काम करणारं उपकरण, एवढाच मूळ मुद्दा. कंपनीला हा आदेश मान्य नाही आणि तिने मुंबईच्या न्यायाधिकरणात दाद मागितली आहे.

सॅमसंगकडे वकिलांची फौज आहे. आपल्या गाळेवाल्याकडे काय आहे? बहुतेक वेळा फक्त कस्टम एजंट, आणि ‘‘तो बघून घेईल’’ हा भरवसा. कायदा मात्र वेगळं सांगतो. २०११ पासून स्वयंनिर्धारणाची पद्धत आहे, म्हणजे क्रमांक आणि शुल्क बरोबर लिहिण्याची जबाबदारी आयातदाराची. चूक निघाली तर दोन वर्षांपर्यंत मागची वसुली होऊ शकते. जाणूनबुजून खोटं लिहिलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत, व्याज आणि दंड वेगळा.

मग करायचं काय? बिलावर ‘कॉम्प्युटर पार्ट’ असं मोघम लिहून घेऊ नका. चिपचं नाव, मॉडेल, ती सुटी आहे की बोर्डावर बसवलेली, हे विक्रेत्याकडून स्पष्ट लिहून घ्या. क्रमांकाबद्दल शंका असेल आणि माल मोठा असेल तर मुंबईतल्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे आधीच अर्ज करता येतो. तिथला निर्णय विभागावरही बंधनकारक असतो. नियम वरचेवर बदलतात, म्हणून पैसे पाठवण्याआधी ताजी अधिसूचना पाहा.

आखाती देशातून येणाऱ्या भावाच्या बॅगेबद्दलही सांगायला हवं. १८ वर्षांवरील प्रवाशाला स्वतःसाठी एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. दुकानासाठी आणलेली प्रोसेसरची पाकिटं मात्र बॅगेजच्या सवलतीत बसत नाहीत. तो व्यापारी माल आहे. चार पैसे वाचवायला भावाला विमानतळावर अडकवू नका.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. छोट्या आयातदारासाठी हे नियम सोप्या मराठीत, उदाहरणांसह उपलब्ध करा. आणि समाजातल्या वाणिज्य पदवीधरांना आमचं सांगणं आहे की कस्टम ब्रोकरची परीक्षा द्या. माल सोडवणारे आपल्याकडे आहेत, आता नियम वाचून दाखवणारेही हवेत.